होडीच्या दाराची घरपट्टी

आमच्या सांगलीच्या घराला तीन दारं होती. एक पुढचं, एक मागचं आणि एक वरचं. वरच्या दाराला जिना नव्हता, गॅलरी नव्हती, साधी पायरीसुद्धा नव्हती. माळ्यावरून ते थेट हवेत उघडायचं. गल्लीत नवा आलेला माणूस मान वर करून बघायचा आणि विचारायचा, "ह्ये काय वो? गॅलरी बांधायची ऱ्हायली का?" मग ओट्यावरचं कुणीतरी सांगायचं, "न्हाई. ते होडीचं दार हाय."

घर एकमजली, वर उतरते पत्रे. पत्र्याखाली लोखंडी अँगलवर फळ्या टाकून केलेला माळा. नदी चालत जाण्याइतकी जवळ. मोठा महापूर आला तेव्हा आम्ही तिघं त्या माळ्यावर सिलिंडर, धान्याचे डबे आणि शिलाई मशीन घेऊन बसलो होतो, आणि बोटवाल्यांना आम्हाला बाहेर काढायला छपराचा पत्रा उचकटावा लागला. वडील फौजेतून निवृत्त झालेले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांना सुखरूप बाहेर काढण्यात घालवलेली, आणि आता ते स्वतःच्या घरातून चोरासारखे पत्रा काढून निघाले. ते त्यांना लागलं. पाणी ओसरलं, गाळ उपसून झाला, आणि घरात फ्रिज नाही, रंग नाही, पुढचं दार बिजागरीतून निखळलेलं, अशा वेळी त्यांनी गवंडी बोलावला तो माळ्याच्या उंचीवर भिंत फोडायला.

आई म्हणाली, "आवं, खालचं दार मोडलंय. ते तर आधी बसवा."

"खालच्या दारानं पाणी आत येतंय. वरच्या दारानं माणूस बाहेर जातंय. हर पोझिशनला एग्झिट पायजे."

गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं. पण पुढं पुन्हा पाणी चढलं तेव्हा होडी आमच्या त्या दाराला येऊन टेकली. वडिलांनी शेजारच्या काकींना, आईला, मला हात देऊन खाली उतरवलं, शेवटी स्वतः उतरले आणि उतरताना दाराला बाहेरून कुलूप लावलं. चारी बाजूंनी पाण्यात उभ्या असलेल्या घराला कुलूप! होडीतले लोक हसले, पण पाणी उतरल्यावर ज्याच्या-त्याच्याकडं गवंडी दिसायला लागला. वर्षभरात आमच्या गल्लीत माळा असलेल्या प्रत्येक घराला होडीचं दार झालं. कुणी हिरवं रंगवलं, कुणी त्यावर 'सुस्वागतम' लिहिलं.

हे मी एवढं सविस्तर सांगतेय, कारण पुढं जो मूर्खपणा झाला तो या दारावरून झाला.

वडील गेल्यावर घर आईच्या नावावर झालं आणि पावसाळा आईच्या डोक्यावर बसला. जून लागला की तिची झोप संपायची. हातात मोबाईल, त्यात पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे त्याचे मेसेज. दूधवाला आला की त्याला आधी प्रश्न, "कोयनेतनं किती सोडलं?" दुपारी डोळा लागला तरी पत्र्यावर टप् वाजलं की ताडकन उठून बसायची. डॉक्टरांनी गोळी दिली. आई म्हणाली, गोळी घिऊन झोपले आणि पाणी आलं तर? गोळीचं पाकीट तसंच राहिलं.

माझी मावशी साताऱ्याला राहते, किल्ल्याच्या पायथ्याशी, चढावर. तिचं मिरची कांडपाचं मशीन आहे. तिच्या शेजारच्या दोन खोल्या विकायला निघाल्या तसं आईनं ठरवून टाकलं. सांगलीचं घर विकायचं, त्या खोल्या घ्यायच्या, मावशीच्या मशीनवर मसाला कांडायचा.

"तिथलं पाणी खाली पळतंय," ती म्हणाली. "आपल्याकडचं वर येतंय. ह्या पावसाळ्याच्या आत मी हितनं हालणार. तू काय बी कर."

मी काय करते, हेही सांगायला हवं. मी एका संघटनेत काम करते आणि पत्रकं लिहिते. 'नागरिकहो!' पासून सुरुवात आणि 'अन्यथा' नं शेवट. रेशन, पुराची मदत, गटारं, सगळ्यावर लिहिलंय. त्यामुळं आईचं कागदपत्रांचं काम मी हसत अंगावर घेतलं. कायदा आपल्याला कळतो, ऑफिसं आपल्याला ओळखतात, मग अडचण कसली?

गिऱ्हाईक लवकर मिळालं. सीमेकडच्या गावातले एक जैन शेतकरी होते, सौम्य, हळू बोलणारे. मुलींच्या शाळेसाठी त्यांना सांगलीत घर हवं होतं. आईनं त्यांना पुराचं एकदा नाही, तीनदा सांगितलं. भिंतीवर पाण्याची रेघ दाखवली.

"म्हाईत हाय की वो बाई," ते म्हणाले. "म्हणून तर तुमी किंमत बी त्याच मापानं सांगिटलासा. फकस्त ते वरचं दार बंद करू नकासा."

इसार झाला. त्यांचं कर्ज मंजूर झालं, पण मंजुरी मे अखेरपर्यंतच. आणि बँकेला एक कागद हवा होता, घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला. मी म्हटलं, उद्या आणते. आई दरवर्षी पहिल्या महिन्यात पट्टी भरते. सूट मिळते म्हणून नाही, रांग लहान असते म्हणून.

घरपट्टीच्या ऑफिसात खिडकीमागच्या भाऊसाहेबांनी घर क्रमांक टाकला, पडद्याकडं बघितलं, चहाचा घोट घेतला.

"तळमजल्याची भरलीय," ते म्हणाले. "पहिल्या मजल्याची थकलीय."

"कुठल्या पहिल्या मजल्याची?"

"तुमच्या."

"आम्हाला पहिला मजला नाही."

"हाय की." त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. "ह्ये बघा. पहिला मजला, निवासी, विनापरवाना. शास्ती लागलीय त्याला."

शास्ती म्हणजे परवानगी न घेता बांधलं म्हणून दंड. पडद्यावर शेजारी एक फोटोही होता. आमची भिंत, त्या भिंतीवर आमचं वरचं दार.

सगळं डोक्यात लख्ख झालं. मध्यंतरी कुठल्याशा एजन्सीची पोरं टॅबलेट घेऊन घरं मोजत फिरत होती. भर दुपारी आली. समोरच्या सावलीत उभं राहून त्यांनी वर दार बघितलं, फोटो मारला आणि मजला लिहून टाकला. दार आहे म्हणजे खोली आहे. खोली आहे म्हणजे कुणीतरी राहतंय. राहतंय तर पट्टी. कडी वाजवून विचारायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. वर जायला जिना कुठाय, एवढंसुद्धा कुणाला वाटलं नाही.

"भाऊसाहेब, ते होडीचं दार आहे."

"असंल."

"तिथं मजला नाही, माळा आहे. चार फुटांचा. तिथं माणूस उभा राहत नाही."

"मग हरकत घ्यायची हुती. नोटीस काढली हुती आमी."

"आम्हाला मिळाली नाही."

"पहिल्या मजल्याच्या नावानं गेली असंल," ते म्हणाले, आणि हसले नाहीत. गंमत म्हणून बोलले असते तर मी क्षमा केली असती.

"आता काय करायचं?"

"एक तर भरून टाका. न्हाईतर मजला पाडल्याचा दाखला आणा. पाडला की आमी कमी करतो."

"जो नाही तो कसा पाडायचा?"

"ते नगररचनेला विचारा. वर."

नगररचना विभाग त्याच इमारतीत, एक जिना वर. या इमारतीला पहिला मजला होता, याची मी पायांनी खात्री करून घेतली. तिथल्या साहेबांनी नकाशाची फाईल काढवली आणि मनापासून वाचली.

"मॅडम, आमच्या रेकॉर्डला तुमचं घर एकमजलीच आहे."

"देव पावला! मग तसं लेखी द्या."

"काय लेखी द्यायचं?"

"की पहिला मजला नाही."

"नसलेल्या गोष्टीचं लेखी देता येत नाही. असलेली पाडली तर पाडल्याचं देता येतं."

"मग पाडल्याचं द्या."

"अहो, जो बांधलाच नाही तो पाडला असं कसं लिहू? माझी नोकरी जाईल."

म्हणजे एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर आमचा वरचा मजला होता, आणि वरच्या मजल्यावर तो नव्हता. खालचे म्हणत वरून लिहून आणा. वरचे म्हणत खालच्यांनी चूक केलीय, त्यांनीच निस्तरावी. मधल्या जिन्यावर पानाच्या पिचकाऱ्या होत्या आणि मी होते. अर्ज दिला की पोच मिळायची, आणि पोच दाखवली की "अर्ज वर गेलाय" किंवा "अर्ज खाली गेलाय" असं उत्तर मिळायचं.

माझा संताप काय होता ते स्पष्टच सांगते. ज्या गल्लीत सरकारी बोट वेळेवर पोचली नाही त्या गल्लीनं स्वतःच्या पैशानं भिंती फोडून दारं केली. त्याबद्दल कुणी शाबासकी द्यावी अशी आमची अपेक्षा नव्हती. पण जीव वाचवायच्या भोकावर तुम्ही पट्टी बसवता? वर दंड लावता? म्हणजे आम्ही बुडायचं तेसुद्धा परवानगी काढून? हे सगळं मी एका बैठकीत कागदावर उतरवलं. मथळा दिला, 'पुरात वाचलो हा आमचा गुन्हा!' खाली तीन मागण्या, शेवटी 'अन्यथा'. छापखान्यात गठ्ठा तयार झाला आणि मी तो घरी आणला.

आईनं एक पत्रक उचललं, चष्मा लावून सावकाश वाचलं.

"झ्याक लिवलंयस," ती म्हणाली. "आता ह्ये पलंगाखाली ठेव."

"पलंगाखाली? उद्या ऑफिसच्या दारात वाटणाराय!"

"दाखला हातात पडल्यावर वाट."

"आई, दबाव आणल्याशिवाय दाखला मिळत नसतो."

"अगं, माणूस चिडला की कागद हुडकायचा बी थांबतोय. तुला भांडायचं हाय, मला साताऱ्याला जायाचंय. आधी माझं होऊ दे."

गठ्ठा पलंगाखाली गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पत्रकावर बंदी आली, ती आईनं घातली. मे अर्धा सरला होता. गिऱ्हाईकाचा एक दिवसाआड फोन. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यानं जास्तच लाज वाटायची. "काय म्हणतंय मग ऑफिस? बँकवाला इचारायलाय. म्हटलं, बघावं." साताऱ्याहून मावशीचा फोन, त्या खोल्यांना दुसरं कुणीतरी बघून गेलं म्हणून. एका संध्याकाळी वळवाचे चार थेंब पत्र्यावर वाजले आणि भाजी निवडणारी आई उठून दारात जाऊन उभी राहिली. आभाळ मोकळं झालं तरी आत येईना.

शेवटी मी रोज जाऊन बाकावर बसायला लागले. माझ्या रोजच्या दर्शनानं कंटाळून म्हणा, पण स्थळपाहणीचा हुकूम निघाला.

पाहणीला आलेले साहेब चांगले जाडजूड होते. पायात बूट, हातात मोजायची टेप. सोबत फोटो काढायला एक कर्मचारी. गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बसल्या, जणू वरात यायची होती.

"जिना कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तेच तर."

"मग तुम्ही वर जाता कशा?"

आईनं शिडी आणून लावली. साहेबांनी शिडीकडं बघितलं, स्वतःकडं बघितलं, कर्मचाऱ्याकडं बघितलं. कर्मचारी म्हणाला, "सायेब, मला चक्कर येतीय उंचीवर." साहेब बूट काढून चढले. आम्ही दोघींनी शिडी धरली, आणि मी कधी नव्हे ते मनापासून प्रशासनाला आधार दिला. वरून धाडकन आवाज आला. पत्र्याचा अँगल डोक्याला लागला होता.

"उभं ऱ्हायचं न्हाई बरं का!" आई खालून ओरडली.

"आता सांगताय?"

माळ्यावर साहेब गुडघ्यांवर आले. टेप लावली. पापडाचे डबे, जुनी गादी, वडिलांची फौजेतली पत्र्याची ट्रंक यांतून वाट काढत रांगत त्या दारापर्यंत पोचले आणि त्यांनी कडी काढली. दार उघडलं तसं बाहेर ओट्यावरून एकदम गलका झाला. शेजारच्या काकी दोन्ही हात वर करून ओरडल्या, "आवं सायेब, पाय टाकू नका! फुडं काय न्हाई!"

साहेब उंबऱ्यावर दोन्ही हात रोवून थांबले. चेहरा पांढरा. मग हळूच मांडी घालून तिथंच बसले. आईनं शिडीवर चढून त्यांना चहा दिला. हवेत उघडणाऱ्या दारात बसून साहेब चहा प्याले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "हवा मात्र फस्क्लास येतीय हितं."

"आठ महिने," आई म्हणाली. "उरलेले चार महिने पाणी येतंय."

पाहणीचा अहवाल उत्तम झाला. 'सदर ठिकाणी प्रौढ व्यक्ती उभी राहू शकत नाही. मजला आढळून आला नाही.' मी तो वाचून साहेबांना वाकून नमस्कार करायची बाकी होते. अहवाल घेऊन खिडकीवर गेले. भाऊसाहेबांनी तोही मनापासून वाचला, संगणकात शिरले, बऱ्याच वेळानं बाहेर आले.

"कमी हुईना."

"म्हणजे?"

"मजला काढायला गेलं की म्हणतंय, आधी थकबाकी भरा. थकबाकी रद्द करायला गेलं की म्हणतंय, आधी मजला काढा."

"कोण म्हणतंय?"

"सॉफ्टवेअर."

मी नेत्यांशी, ठेकेदारांशी, एकदा एका बँकेच्या वसुलीवाल्याशी भांडले आहे. सॉफ्टवेअरशी कसं भांडतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला दरडावता येत नाही, घेराव घालता येत नाही, त्याच्या वरिष्ठाचं नाव विचारावं तर कुणाला ठाऊक नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं की आता पत्रक वाटण्याशिवाय इलाज नाही. आईनं पातळ बदललं, पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल, मी येते. मला बघू दे काय म्हणतंय ते."

आम्ही थेट करअधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेलो. माणूस थकलेला होता पण ऐकून घेणारा होता. त्यांनी स्वतः आमची नोंद उघडली, पाहणीचा अहवाल शेजारी ठेवला, बरीच खटपट केली आणि कपाळ चोळलं.

"मावशी, तुमचं बरोबर आहे. मजला नाही हे मला मान्य आहे. पण माझ्या अधिकारात तो काढणं बसत नाही. मला फक्त त्याचा वापर बदलता येतो."

"वापर म्हंजे?"

"म्हणजे तो कशाला वापरता ते." त्यांनी पडद्यावरची यादी वाचून दाखवली. "निवासी. दुकान. कारखाना. गोदाम. दवाखाना. मोबाईल टॉवर. पार्किंग."

"पार्किंगला किती पट्टी?" आईनं विचारलं.

"घरच्या वाहनासाठी असेल तर शून्य."

"आन ती शास्ती?"

"सुरुवातीपासून तोच वापर होता असं शपथेवर दिलंत, तर मागचं सगळं शून्य होईल."

"मग पार्किंगच करा की."

मी खुर्चीतून उठलेच. "आई! पहिल्या मजल्यावर पार्किंग? जिना नाही तिथं? अहो साहेब, हे खोटं आहे! तुम्ही चूक दुरुस्त करत नाही, चुकीला नवीन कपडे घालताय! आम्ही लेखी मागतोय की मजला नाही, आणि तुम्ही..."

"खोटं कसं?" आई मला म्हणाली. "होडी कुठं लावली हुती तवा? त्याच दाराला न्हवं? तुझ्या बापानं दोरी सुदिक तिथल्याच अँगलला बांधली हुती."

अधिकारी आईकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"होडी लावली होती? खरंच?"

"आख्ख्या गल्लीनं बघितलीय."

"मग झालंच की," ते म्हणाले, आणि त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तेज आलं. "वाहन कुठलं ते यादीत विचारलेलं नाही."

मला ते सहन झालं नाही. मी आईला हात धरून बाहेर आणलं. ऑफिससमोर रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं बसवलं आणि सांगितलं की हे चालणार नाही. आपण ही सवलत घेतली की आपण मान्य केलं की मजला आहे. गल्लीतल्या बाकीच्या घरांचं काय? सगळ्यांनाच नोटिसा येणार आहेत. लढाई तत्त्वाची आहे. आपण हरकत लावून धरू, वर अपील करू. आज ना उद्या त्यांना कबूल करावंच लागेल.

"उद्या म्हंजे कवा?"

"कळत नाही. दिवाळी होईल. कदाचित पुढचं वर्ष."

आईनं रसाचा ग्लास खाली ठेवला. ती ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. ती नेहमीच्या आवाजात बोलली. "तुझं खरं हाय. मी न्हाई म्हणत न्हाई. पण मला आणखी एक जून त्या घरात बसवत न्हाई गं. तू दिवसभर भाईर असतीस. मी पत्र्याकडं बघत बसते. त्या मजल्याला पार्किंग म्हणू दे, न्हाईतर देऊळ म्हणू दे. मला किल्ल्याखाली जाऊन निजायचंय."

मी रसाचे पैसे दिले.

मी आत गेले आणि टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं शपथपत्राचा मसुदा लिहिला. लिहिला तो चांगलाच लिहिला, कारण वाईट लिहिणं मला जमत नाही. 'सदर दाराचा उपयोग प्रारंभापासून पूरप्रसंगी जलवाहन उभे करण्यासाठीच होत आला असून तेथे कोणीही कधीही वास्तव्य केलेले नाही.' अधिकाऱ्यांनी 'जलवाहन' वर बोट ठेवलं, "वा," म्हणाले आणि सही केली. आईनं खाली सावकाश आपली सही केली. मी इतकी वर्षं घसा फोडून जे कमावलं नाही ते तिनं एका वाक्यात वसूल केलं, आणि त्याचा मला त्या क्षणी राग आला होता, हेही खरं.

गिऱ्हाइकांनी दाखला दोनदा वाचला.

"बाई, ह्यात वरती पार्किंग हाय म्हणून लिव्हलंय."

"हाय."

"गाडी चढती कुठनं?"

"गाडी न्हाई. होडी."

त्यांनी दाराकडं बघितलं, दाखल्याकडं बघितलं आणि घडी घालून खिशात ठेवला. "असू दे की. फुकट हाय न्हवं." बँकेचा मूल्यांकन करणारा मात्र खूश झाला. त्यानं कागदावरच 'पार्किंगची सोय आहे' अशी खूण केली आणि घर बघायला आलासुद्धा नाही. माझी जीभ वळवळत होती. आईनं माझ्या पायावर पाय ठेवला.

मे संपायच्या आत दस्त नोंदवला. टेम्पो भरला. आईनं गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन निरोप घेतला, ड्रायव्हरशेजारी बसली आणि निघाली. रडली नाही. मी माझ्या कामासाठी सांगलीतच एक खोली भाड्यानं घेतली.

आता मला मोकळीक होती. दाखला हातात पडला होता, अट संपली होती. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन गल्लीत गेले. अपेक्षेप्रमाणं सगळ्यांना नोटिसा आल्या होत्या. ओट्यावर सभा घेतली, पहिलं पत्रक मोठ्यानं वाचलं. 'पुरात वाचलो हा आमचा गुन्हा!' टाळ्या पडल्या. मागण्या वाचल्या. पुन्हा टाळ्या. मग विचारलं, मोर्चा कधी काढायचा?

शेजारच्या काकी उठल्या. "मोर्चा काढू की. कवा बी काढू. पण त्याच्या आधी आमच्या बी मजल्याचं तेवढं पार्किंग करून दे."

"काकी, ती तडजोड होती. आपण नोंदच रद्द करून घ्यायची."

"व्हय, रद्द बी करू. पण तवर पार्किंग असू दे. तुझ्या आईचं केलंस, आमचं कसं करत न्हाईस?"

"तिचं वेगळं..."

"काय वेगळं? तिच्या दाराला होडी आन आमच्या दाराला काय इमान लागत हुतं?"

सगळी गल्ली हसली. मीही हसले, पण उशिरा. तो अख्खा जून मी घराघरात बसून शपथपत्रं लिहिली. प्रत्येकात 'जलवाहन' हवंच, असा आग्रह. आज सरकारदरबारी आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यांवर वाहनतळांची सलग रांग आहे. इतकी सोय सांगलीच्या बाजारपेठेतसुद्धा नाही. मोर्चा मात्र मी काढलाच. नोंदी रद्द करायची मागणी अजून चालू आहे आणि ती मान्य होईपर्यंत मी थांबणार नाही. पण मोर्च्याला आलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर पूर्वीचा धसका नव्हता, आणि निम्म्या जणी येताना मटार घेऊन आल्या होत्या, ऑफिसच्या पायऱ्यांवर सोलायला.

जुलैत घाटमाथ्यावर पावसानं झोडपलं. धरणातून पाणी सोडल्याचे मेसेज आले, पुलापाशी पातळी चढायला लागली. मला माझ्याच खोलीत बसवेना. आईला एकटीला हे कळलं तर काय होईल, म्हणून दुपारी घाईनं तिला फोन लावला. फोन मावशीनं उचलला. मागं कांडपाचं मशीन धाडधाड चाललं होतं, आणि साताऱ्यातही पाऊस कोसळत होता, तो फोनमध्येही ऐकू येत होता.

"आई कुठाय गं?"

"निजलीय."

"आत्ता? एवढ्या पावसात?"

"जेवली आन आडवी झाली. घोरतीय. उठवू का?"

"नको," मी म्हटलं.